मेल नाही, म्हणजे ठीक

तळघरातल्या त्या खोलीची एक भिंत कपडे धुण्याच्या विभागाला लागून होती. सकाळी नऊ ते अकरा रुग्णालयाच्या सगळ्या चादरी पलीकडे पिळून निघत, आणि तेवढा वेळ ती भिंत ताप भरलेल्या माणसासारखी थरथरे. टपालवालीनं आपलं टेबल भिंतीपासून वीतभर पुढे ओढून घेतलं होतं, तरी चहाच्या कपात गोल गोल लाटा उठतच. त्या लाटा मोजायचा तिला चाळा होता.

टपालवाली हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हतं. रुग्णालयाचा मेल सर्व्हर ती सांभाळायची, म्हणून कोणीतरी थट्टेनं म्हटलं आणि ते नाव डिंकासारखं चिकटलं. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ती या नोकरीवर आली तेव्हा बाबा म्हणाले होते, चार वर्षं अणूंच्या मागे धावून शेवटी पत्रंच वाटायची होती तर सरळ पोस्टात जायचंस, पेन्शन तरी मिळालं असतं. तिच्या वरच्या अधिकाऱ्याला सगळे होईल-साहेब म्हणत. प्रिंटर बंद आहे? होईल. पगारपत्रक उघडत नाही? होईल. आणि गंमत अशी, की साहेबांनी खुर्चीवरून न उठताही बऱ्याचदा ते खरंच व्हायचं.

त्या बुधवारी दहाच्या सुमाराला प्रसूती विभागाच्या मोठ्या सिस्टर स्वतः जिना उतरून खाली आल्या. हे आक्रीतच होतं. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी तळघरात पाय ठेवला नव्हता. त्यांना काही हवं असलं की लोक वर जात. त्या दारातच थांबल्या, थरथरणाऱ्या भिंतीकडे एकदा संशयानं पाहिलं आणि म्हणाल्या, “काय गं, तुझ्याकडे मेल हरवतात का?”

मेल हरवत नसते, ती कुठेतरी असतेच, असं टपालवालीनं ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम सांगावा तशा खात्रीनं सांगितलं.

मग सिस्टरांनी सांगितलं ते असं. प्रत्येक बाळाच्या टाचेला तिसऱ्या दिवशी सुई टोचायची, रक्ताचे चार थेंब जाड कागदावर टिपायचे आणि तो कागद दूरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचा. तिथे काही वावगं सापडलं तरच प्रयोगशाळा मेल करते. चांगलं असेल तर काहीच कळवत नाही. दहा दिवसांत मेल आली नाही, की विभागातली नर्स आईला फोन करून सांगते, मेल नाही, म्हणजे ठीक. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. आज सकाळी प्रयोगशाळेतला माणूस रक्त टिपायच्या कागदांचा नवा गठ्ठा पाठवला, हे सांगायला फोनवर आला होता, आणि जाता जाता त्यानं टोमणा मारला की आमच्या दोन-दोन मेलना उत्तर द्यायची तुमच्याकडे पद्धत नसावी. कसल्या मेल? तर एका बाळाचा नमुना अपुरा होता, परत घ्या, अशा. सिस्टरांकडे त्यातली एकही पोचली नव्हती.

“अपुरा नमुना म्हणजे काही आकाश कोसळत नाही,” सिस्टर म्हणाल्या. “पण एक मेल गेली तर दुसरीही गेली असेल. काही बाळांची गळ्यातली ग्रंथी कामच करत नाही. दिसायला अगदी सोन्यासारखी. रडत नाहीत, छळत नाहीत, सतत झोपलेली. घरचे म्हणतात, किती शहाणं बाळ. आणि तिकडे मेंदू वाढायचा थांबलेला असतो. रोज एक गोळी दिली की सगळं सुरळीत. पण ती पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हायला हवी. पुढचा एकेक दिवस कायमचा जातो. म्हणून विचारते.”

टपालवालीच्या दादाची मुलगी सोळा दिवसांची होती. याच रुग्णालयात, सिस्टरांच्याच हातावर झालेली. घरात तिचं कौतुक चाललं होतं ते एकाच गोष्टीचं, की ती रडत नाही.

सिस्टर वर गेल्या आणि टपालवालीनं प्रयोगशाळेला फोन लावला. पलीकडचा माणूस प्रत्येक वाक्य पट्टीनं आखल्यासारखं बोलत होता. तिनं त्याला एक मेल टाकून बघायला सांगितलं. त्यानं ‘चाचणी’ असा विषय लिहून पाठवली. चार सेकंदांत पोचली. मग तिला थोडा चेव आला. आमच्याकडे सगळं व्यवस्थित दिसतंय, तुमच्याकडूनच निघाल्या नसतील, असं ती म्हणाली. तो माणूस रागावला नाही. तुमच्या सर्व्हरनं आमच्या सर्व्हरला पावती दिली आहे, म्हणाला, लिहून घ्या. आणि त्यानं दोन पावत्यांचे आकडे वाचून दाखवले. एक गेल्या आठवड्यातल्या सोमवारचा, दुसरा गेल्या शनिवारचा.

सर्व्हर दिवसभर काय काय करतो ते एका फायलीत लिहीत जातो. त्याला लॉग म्हणतात, पण ती रोजनिशीच असते: अमुक वाजता अमक्याकडून मेल आली, तमक्याला दिली. टपालवालीनं सोमवारची पावती शोधली. सापडली नाही. शनिवारची शोधली. सापडली, आणि तिच्यापुढे जे लिहिलं होतं ते वाचून तिनं कप खाली ठेवला. लिहिलं होतं, मेल घेतली, नियमानुसार गिळली.

तो नियम तिचाच होता.

नऊ दिवसांपूर्वी, म्हणजे गेल्या आठवड्यातल्या सोमवारी, तिनं तो लावला होता. त्याआधी महिनाभर रुग्णालयात कचरा मेलचा नुसता पाऊस चालला होता. प्रत्येक मेलचा विषय म्हणजे मोठी अक्षरं, आकडे आणि आडव्या रेघांची खिचडी. शब्द म्हणून एक नाही. पाठवणारा दर वेळी नवी खिचडी करायचा, त्यामुळे अमुक विषय अडवा अशी यादी करण्यात अर्थ नव्हता. तेव्हा तिनं विषयाऐवजी विषयाचा साचा लिहिला: सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त मोठी अक्षरं, आकडे आणि रेघा असतील, तर ती मेल घे आणि गुपचूप गिळून टाक. परत पाठवू नको, कारण परत पाठवली की भामट्याला कळतं या पत्त्यावर कोणीतरी राहतं.

आणि तिनं तो तपासलाही होता, चांगला कसून तपासला होता. चार हजार कचरा मेलवर चालवून बघितला. सात सोडून सगळ्या पकडल्या. मग एका आठवड्यात आलेल्या अकरा हजार चांगल्या मेलवर चालवला. एकही अडकली नाही. होईल-साहेब तो तक्ता बघून ‘वा’ म्हणाले होते, आणि त्यांच्या तोंडून ‘होईल’ सोडून दुसरा शब्द निघाल्याची बातमी दुपारपर्यंत तीन मजले चढली होती.

प्रयोगशाळेच्या मेलचा विषय म्हणजे बाळाच्या नमुन्याचा क्रमांक. दोन मोठी अक्षरं, रेघ, पाच आकडे, रेघ, एक अक्षर. बाळाचं नाव नाही, आजाराचं नाव नाही. वाटेत कोणी पाहिलं तरी कळू नये म्हणून. तिच्या साच्यात हातमोज्यात बोटं बसावीत तसा बसणारा. मग चांगल्या मेलच्या त्या आठवड्यात तो अडकला कसा नाही? तिनं तो आठवडा काढून पाहिला. त्या सात दिवसांत प्रयोगशाळेची एकही मेल आलेली नव्हती. सगळी बाळं ठीक होती, म्हणून.

म्हणजे ज्या आठवड्यात कोणाचंच काही बिघडलं नव्हतं, तो आठवडा तिनं नेमका निवडला होता. कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवतात, जे क्वचित घडतं ते छोट्या नमुन्यात दिसत नाही, म्हणून ते नाहीच असं समजू नका. या प्रश्नाला तिला पैकीच्या पैकी मार्क होते.

पाय टेबलाखाली आपोआप हलायला लागले होते. तिनं आधी गळती बंद करायची ठरवली. नियमांच्या यादीत सगळ्यात वर एक ओळ लिहिली, की पाठवणारी प्रयोगशाळा असेल तर मेल सोडून दे. सर्व्हरला यादी पुन्हा वाचायला लावली, फोन केला. या वेळी विषयात ‘चाचणी’ नको, खरा क्रमांक टाका, म्हणाली. त्यानं टाकला. चार सेकंद गेले. दहा गेले. मिनिट गेलं. लॉगमध्ये नवी ओळ आली: घेतली, गिळली.

“आली?” फोनवरच्या माणसानं विचारलं.

“थांबा.”

“मी थांबलोच आहे. गेले नऊ दिवस.”

तिनं अक्षर न् अक्षर तपासलं. प्रयोगशाळेचा पत्ता बरोबर होता. ओळ सगळ्यात वर होती. यादी वरून खाली वाचली जाते आणि जो साचा आधी जुळतो तोच चालतो, हेही तिला पाठ होतं. मग घोडं पेंड कुठे खात होतं? तिनं फाइल बंद केली, उघडली, स्वल्पविराम मोजले. शेवटी तिनं सर्व्हरचं माहितीपुस्तक काढलं आणि नोकरीच्या पहिल्या आठवड्यात घाईघाईनं उलटलेलं पान या वेळी बोट ठेवून वाचलं.

हा सर्व्हर मेलचा माथा, म्हणजे पाठवणारा, विषय वगैरे लिहिलेला वरचा भाग, ओळीओळीनं तपासतो, आणि एक ओळ संपली की ती विसरून जातो. पाठवणाऱ्याची ओळ आली तेव्हा तिची नवी सवलत जुळली, ओळ सुटली. मग विषयाची ओळ आली. ती वाचताना पाठवणारा कोण होता हे सर्व्हरच्या गावीही नव्हतं. त्यानं विषय पाहिला, साचा जुळला, मेल गिळली. दारावर असा पहारेकरी, की पाहुण्याचा चेहरा ओळखून हसतो आणि लगेच त्याचे बूट पाहून त्याला हाकलतो. अमक्याची मेल असेल तर विषयाकडे दुर्लक्ष कर, हे त्याला या यादीतून सांगताच येत नव्हतं.

तिनं आपला नियम अख्खा काढून टाकला. लगेच मेल पोचली. आणि दहा मिनिटांत कचराही पोचायला लागला. पहिला फोन हृदयरोगाच्या प्रमुखांचा आला, दुसरा लेखा विभागाचा. होईल-साहेब आपल्या खोलीतून बाहेर आले, हेही त्या दिवसातलं दुसरं आक्रीत. त्यांचं म्हणणं पडलं, की नियम परत लाव, प्रमुखांचा पारा चढलाय, प्रयोगशाळेचं होईल काहीतरी. आणि वर काय कळवायचं असेल तर तांत्रिक अडचण आली होती असं कळवू. उगाच कोळसा उगाळत कशाला बसायचं.

ती म्हणाली, नियम लावते, पण गिळायचं नाही. साच्यात बसलेली प्रत्येक मेल बाजूला ठेवायची, आणि मी ती डोळ्यांनी बघून सोडणार.

“रोजच्या चारशे आहेत त्या.”

“चारशे तर चारशे.”

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, आणि सवयीनं ‘होईल’ म्हणून आत गेले.

आता खरा प्रश्न उरला होता: नऊ दिवसांत गिळलेल्या मेल कोणाच्या? मेल परत मिळणार नव्हत्या, गिळलेलं सर्व्हर ठेवत नाही. पण लॉगमध्ये विषय लिहिलेला असतो, म्हणजे क्रमांक मिळणार, आणि सिस्टरांच्या रजिस्टरात प्रत्येक क्रमांकापुढे आईचं नाव होतं. तिनं प्रयोगशाळेतल्या माणसाला विचारलं होतं, की तुमच्याकडूनच यादी द्या. त्यानं सांगितलं, की चाळीस रुग्णालयांच्या मेल यंत्र आपोआप पाठवतं, एका रुग्णालयाची यादी वेगळी काढायला मोठ्या डॉक्टरांची सही लागते आणि त्या तीनला येतात. घड्याळात पावणेबारा झाले होते.

लॉगमध्ये प्रयोगशाळेच्या गिळलेल्या चार मेल सापडल्या. आजच्या चाचणीची वगळली. शुक्रवारी एक, शनिवारी एक, रविवारी एक, आज पहाटे एक. शुक्रवारची आणि आजची एकाच क्रमांकाची होती. म्हणजे तीन बाळं. पण लॉग गुरुवारपासूनचाच होता. सर्व्हर सात दिवसांचंच लिखाण ठेवतो, जागा वाचावी म्हणून. हेही तिनंच ठरवलं होतं. सोमवार, मंगळवार आणि बुधवार हे तीन दिवस पाटीवरून पुसावेत तसे पुसले गेले होते. सोमवारची पावती म्हणूनच सापडली नव्हती.

दादाच्या मुलीच्या रक्ताचा निकाल लागला असणार तो त्याच तीन दिवसांत.

तिनं घरी फोन लावला. दादानं उचलला. काय चाललंय, तिनं विचारलं, बाळ काय करतंय.

“झोपलीय. तुझी भाची म्हणजे संत माणूस आहे. तुझ्यावर गेली नाही, एवढी देवाची कृपा.”

“शेवटची कधी रडली?”

“आता रडण्याचीही नोंद ठेवायची का? तुम्ही शास्त्रवाले.” मागून वहिनीचा आवाज आला, कोण आहे हो, आणि दादा म्हणाला, आत्याबाई आहेत, लेकीचं रडं ऐकायची हौस आलीय.

सांगण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतंच. होती ती फक्त तीन दिवसांची रिकामी जागा. फोन ठेवल्यावर ती उठली, दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा दारापर्यंत गेली. पलीकडची यंत्रं बंद झाली होती आणि खोली इतकी गप्प होती की तिला ती भिंत थरथरलेली चालली असती.

दाराशी तिसऱ्यांदा पोचल्यावर तिला एक गोष्ट खटकली. एकाच क्रमांकाच्या दोन मेल का? शुक्रवार आणि बुधवार. तिनं बोटांवर मोजलं, पाच दिवस. अपुऱ्या नमुन्याची पहिली सोमवारी, दुसरी शनिवारी. तेही पाच. तिनं लगेच प्रयोगशाळेत फोन लावला. हो, तो माणूस म्हणाला, नवा नमुना आला नाही तर पाचव्या दिवशी यंत्र स्मरणपत्र पाठवतं. नेहमी? नेहमी. एकच की परत परत? एकच.

तिनं कागदावर मांडलं. सोमवारी गिळलेल्या मेलचं स्मरणपत्र शनिवारी. मंगळवारच्याचं रविवारी. बुधवारच्याचं परवा सोमवारी. तिन्ही दिवस लॉगमध्ये शाबूत होते. शनिवारी एक, रविवारी एक, सोमवारी काही नाही. पुसलेल्या पाटीवरची अक्षरं पाच दिवस पुढे सरकून पुन्हा उमटली होती. म्हणजे तीनच बाळं, त्याहून जास्त नाहीत. आणि शुक्रवारच्या आणि रविवारच्या क्रमांकांबद्दल अजून कोणाला काहीच ठाऊक नव्हतं. त्यातल्या रविवारच्याची पहिली मेल तर मंगळवारची असणार, आठ दिवसांपूर्वीची.

तिन्ही मेल पुन्हा पाठवायला तिनं त्या माणसाला सांगितलं. सही लागते का, विचारलं. तो म्हणाला, “एकदा पाठवलेलं परत पाठवायला कोणी सही मागितलेली मला आठवत नाही.”

ती जिना चढून वर पोचेपर्यंत मेल येऊन पडल्या होत्या. मोठ्या सिस्टर आणि बाळांचे डॉक्टर एकाच पडद्यापुढे वाकले होते. दोन बाळांचे नमुने अपुरे होते. रविवारच्या क्रमांकापुढे ग्रंथीच्या तपासणीचा आकडा होता आणि डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. सिस्टरांनी रजिस्टर उघडून बोट खाली नेलं. ते ज्या ओळीवर थांबलं तिच्या दोन ओळी खाली टपालवालीला वहिनीचं नाव दिसलं. त्यापुढचा क्रमांक तिच्या कागदावरच्या तिन्हींपैकी नव्हता.

छातीवरचा दगड उतरला. तो उतरू दिल्याचं तिचं तिलाच बरं वाटलं नाही, कारण वरच्या ओळीवर अजून सिस्टरांचं बोट होतं. आणि दुसरंही एक टोचायला लागलं. लॉगमध्ये ओळ नाही, म्हणून मेल नाही, म्हणून बाळ ठीक. हाच हिशेब तर गेले नऊ दिवस सगळ्यांनी केला होता. तिनं डॉक्टरांना गाठलं आणि म्हणाली, प्रयोगशाळेकडून या आठवड्यांतल्या सगळ्या बाळांचे आकडे मागवा.

“सगळ्यांचे? जी ठीक आहेत त्यांचेही?”

“त्यांचेच.”

डॉक्टरांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि फोन उचलला.

ते बोट थांबलेलं नाव एका शिवणकाम करणाऱ्या बाईचं होतं. मुलगी, वय सतरा दिवस. रजिस्टरातला फोन लागत नव्हता. वाजून वाजून बंद व्हायचा. पाचव्यांदा तसंच झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, रुग्णवाहिका पाठवते, नर्स जाईल सोबत. मीही जाते, टपालवाली म्हणाली. तू काय करणार तिथे, त्यांनी विचारलं. ती सरळ गाडीत जाऊन बसली, आणि सिस्टरांनी तिला उतरवलं नाही.

रस्ताभर ती फोन लावत राहिली. चालकानं एकदा आरशातून पाहून विचारलं, तुमच्या घरचं बाळ का? ती नाही म्हणाली. मग इतक्या का चुळबुळताय, म्हणाला. गाडी मी चालवतोय, पाय तुम्ही दाबताय.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं आणि जिन्यातच शिलाई यंत्राचा खडखडाट ऐकू येत होता. फोन का उचलला जात नव्हता हे तिथेच कळलं. बाई दार उघडायला उठली तेव्हा तिच्या गळ्यात मोजपट्टी होती आणि ओठांत दोन टाचण्या. खोलीभर एकाच निळ्या रंगाचे गणवेश रचलेले. यंत्रापासून हातभर अंतरावर, कापडाच्या गठ्ठ्यांच्या आडोशाला टोपलीत बाळ झोपलं होतं. रुग्णालयातून आलोत म्हटल्यावर बाईनं टाचण्या काढून दंडाला बांधलेल्या टाचण्यांच्या छोट्या गादीत खोचल्या आणि घाईघाईनं दोन स्टुलं मोकळी केली.

“आमची काही तक्रार नाही हो,” ती म्हणाली. “फार गुणी आहे. मी दिवसभर यंत्र चालवते, पण हिची पापणी हलत नाही. दुधालाही मलाच उठवावं लागतं. माझी आई म्हणते, असं बाळ नशिबानं मिळतं.”

नर्सनं टोपलीत वाकून बाळाच्या गालाला बोट लावलं. त्वचा अजून पिवळसर होती. तिनं नेहमीच्या मऊ आवाजात सांगायला सुरुवात केली, की एक तपासणी परत करायची आहे, एक गोळी सुरू करावी लागेल बहुतेक, घाबरायचं कारण नाही, जरा तांत्रिक अडचणीमुळे कळवायला उशीर झाला.

बाई ऐकत होती. मग तिनं शांतपणे विचारलं, “पण तुमच्याकडनं मला फोन आला होता. मेल नाही, म्हणजे ठीक. मी विचारलंसुद्धा, नक्की ना? तर नक्की म्हणाल्या.”

नर्सनं खाली बघितलं. फोन तिनंच केला होता.

“मेल आली होती,” टपालवाली म्हणाली. “आठ दिवसांपूर्वी. कचरा अडवायला मी सर्व्हरवर एक नियम लावला होता, त्यानं ती गिळली. यांना ती दिसलीच नाही. चूक यांची नाही, माझी आहे.”

खालून कोणीतरी सायकल ओढत नेल्याचा आवाज आला. बाईचे हात गळ्यातल्या मोजपट्टीची दोन्ही टोकं धरून होते आणि ती एक टोक दुसऱ्याशी जुळवत होती, जुळलं की सोडून परत जुळवत होती.

“आठ दिवसांनी काय होतं?” तिनं विचारलं.

“मला माहीत नाही. डॉक्टर सांगतील. लवकर निघायला हवं.”

बाईनं यंत्राची वायर काढली, बाळाला उचललं आणि चपला घालायच्याही आधी जिना उतरायला लागली. चपला टपालवालीनं हातात घेतल्या.

रुग्णालयात बाळाच्या टाचेतून पुन्हा रक्त घेतलं. सुई टोचल्यावर ते रडलं, पण उशिरा, आणि दमलेल्या म्हाताऱ्या माणसासारखं घोगरं. बाईनं तोंड भिंतीकडे फिरवलं. तो आवाज ती पहिल्यांदाच नीट ऐकत असावी. डॉक्टरांनी नव्या निकालाची वाट पाहिली नाही. चिमुकली गोळी चमच्यात चुरली, आईच्या दुधाच्या थेंबात कालवली आणि सिस्टरांनी ती बाळाच्या जिभेवर सोडली. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. त्याच सुमाराला प्रयोगशाळेची यादी आली. सगळ्या बाळांचे आकडे, ठीक असलेल्यांचेही. टपालवालीनं भाचीचा आकडा सगळ्यात आधी शोधला. तो मर्यादेच्या बराच आत होता. मग ती पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागली, सिस्टर रजिस्टरावर एकेक खूण करत गेल्या आणि दोघींनी ती यादी पुरी केली. आणखी कोणी निघालं नाही. ज्यांचा नमुना अपुरा होता त्या दोन आयांना सिस्टरांनी स्वतः फोन केले.

बाईनं डॉक्टरांना विचारलं, आता बरी होईल ना. डॉक्टर उगाच गोड बोलणारे नव्हते. आज सुरू झालं हे चांगलं, म्हणाले. आठ दिवसांपूर्वी झालं असतं तर जास्त चांगलं. इतक्या उशिरानं सुरू होऊनही बरीच मुलं अगदी नीट वाढतात. काहींना थोडं मागे राहावं लागतं. ही कुठल्यांतली, ते आज कोणीच सांगू शकत नाही. दर महिन्याला रक्त बघू, पुढे बसायला लागेल, बोलायला लागेल, तेव्हा तेव्हा बघत जाऊ.

“म्हणजे किती दिवस?”

“दिवस नाही. दोन-तीन वर्षं.”

टपालवाली दाराशी उभी होती. खाली साहेबांनी दोनदा बोलावलं होतं, बाजूला ठेवलेल्या मेलचा ढीग तीनशेवर गेला होता, आणि त्यांत काय असेल या विचारानं तिचे पाय जिन्याकडे वळत होते. पण या खोलीतून निघायचं कसं, हे तिला कळत नव्हतं. माफी तिनं गाडीतच मागितली होती; बाईनं ती ऐकून बाळाचं दुपटं नीट केलं होतं.

आता बाईनं मान वर केली. “तुम्ही त्या मेलवाल्या ना?”

“हो.”

“मला दर महिन्याचा निकाल तुमच्याकडून कळला पाहिजे. नर्सबाईंकडून नाही, तुमच्याकडून.”

सिस्टर मध्ये काही बोलायला गेल्या. ते टपालवालीचं काम नव्हतं, आणि निकाल सांगणं तिच्या अधिकारातही बसत नव्हतं. पण डॉक्टरांनी नुसता हात हलवला, असू दे म्हणून.

“कळवीन,” टपालवाली म्हणाली.

“चांगला असला तरी.”

“चांगला असला तरी.”

“मेल नको. फोन करा. मी यंत्र थांबवून उचलीन.” बाईनं कापडी पिशवीतून शिंप्याचा खडू काढला, सिस्टरांच्या टेबलावरचा कागद ओढला आणि त्यावर आपला नंबर लिहिला, मग खडू पुसला जाईल म्हणून पेन मागून तोच नंबर त्यावरून गिरवला. कागद देताना तिनं तो लगेच सोडला नाही. “वाचून दाखवा,” ती म्हणाली.

टपालवालीनं एकेक आकडा मोठ्यानं वाचला. बाईनं प्रत्येकाला मान हलवली, आणि शेवटचा आकडा झाल्यावर म्हणाली, परत एकदा.